जुनी बंदूक वाड्यातून घ्यावी की लिलावातून? सोलापूरकर संग्राहकासाठी दोन्ही वाटांचं परीक्षण

सोलापूर, बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढा या पट्ट्यात राहून संग्रहासाठी जुनी बंदूक घ्यायची तर वाटा दोनच. एक म्हणजे कुणाच्या तरी वाड्यातून, माळ्यावरून किंवा भिंतीवरून थेट. दुसरी म्हणजे मुंबई-पुण्यापासून बंगळुरूपर्यंतच्या लिलावांतून. आमचं मत आधीच सांगतो. नुसती भिंतीवर लावायची, कधीही न चालणारी वस्तू हवी असेल तर लिलाव बरा. चालू स्थितीतली, एकाच घराण्यात चार पिढ्या राहिलेली हवी असेल तर वाडा बरा, पण परवाना चालू असेल तरच. कुठेही गेलात तरी आधी कागद बघायचा, लोखंड नंतर.

‘जुनी’ या शब्दाचे कायद्यात दोन अर्थ आहेत आणि बहुतेक व्यवहार तिथेच बिघडतात. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम १९७२ शंभर वर्षं मोजतो. शस्त्र अधिनियम १९५९ मात्र वय मोजत नाही. त्याच्या कलम ४५ मधली सवलत जुन्या पद्धतीच्या, पुरावस्तूमूल्य असलेल्या किंवा मोडक्या शस्त्राला आहे खरी, पण अट अशी की ते दुरुस्ती न करता आणि दुरुस्ती करूनसुद्धा बंदूक म्हणून वापरता येता कामा नये. ‘दुरुस्ती करूनसुद्धा’ हे शब्द विसरू नका. गंजून घोडा अडकलेली ठासणीची बंदूक दोन दिवसांत मोकळी होते, म्हणजे ती सवलतीत बसत नाही. ‘दीडशे वर्षांची आहे, हिला कसला परवाना’ असं विक्रेता म्हणाला तर पोलिसांच्या आर्मररचं (शस्त्रांची देखभाल करणाऱ्याचं) किंवा बॅलिस्टिक तज्ज्ञाचं लेखी मत मागा. ते नसेल तर ती परवान्याचीच बंदूक समजून चाला. विनापरवाना बंदूक बाळगण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षं कैद आहे. सीमेपलीकडून येणारे दलाल ‘कर्नाटकात लागत नाही’ असंही सांगतात. ती सूट कोडगूतल्या कोडवांना आणि तिथल्या जम्मा जमीनधारकांना आहे. विजापूर-कलबुर्गीला नाही, आपल्याला तर नाहीच.

आता वाड्याची वाट. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा ३ वरून २ वर आणली आणि वारसाहक्काने आलेल्या बंदुकाही त्यातच मोजल्या. जास्तीच्या बंदुका वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायच्या होत्या. त्यामुळे ‘आजोबांची बंदूक द्यायची आहे’ असा निरोप आला की पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. बंदूक आत्ता घरात आहे की जमा केलेली, आणि जमा असेल तर पावती कुणाच्या नावावर, हे विचारा. परवान्यावरचा यूआयएन (परवानाधारकाची ओळख दाखवणारा) क्रमांक, नवीकरणाची तारीख, आणि परवान्यातला बंदुकीचा नंबर नळीवरच्या नंबराशी जुळतो का, हे स्वतः वाचा. धनी वारलेले असतील तर सगळ्या वारसांची लेखी संमती हवी. एकाने विकायची आणि दुसऱ्याने तक्रार करायची, हा प्रकार जमिनीइतकाच बंदुकीतही चालतो.

परवानाधारकाने परवानाधारकाला खासगीत विकायची तर कलम ५ प्रमाणे विक्रेत्याने घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह आधी लेखी कळवायचं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबायचं. कळवायचं कुणाला? सोलापूर शहरात पोलीस आयुक्तालय असल्याने या कायद्यापुरते जिल्हादंडाधिकारी म्हणजे पोलीस आयुक्त. शहराबाहेरच्या तालुक्यांसाठी जिल्हाधिकारी. जवळच्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यालाही अर्ज देता येतो. पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका. या ४५ दिवसांत विसार थोडाच द्या आणि विसारपावतीवर ‘परवानगी न मिळाल्यास रक्कम परत’ हे वाक्य लिहून घ्या. बंदूक तोवर विक्रेत्याकडेच राहील. ‘घेऊन जा, कागद मागाहून करू’ म्हणणाऱ्याच्या दारातून रिकाम्या हाताने परत यावं. रोखीने २ लाख किंवा जास्त रक्कम विक्रेत्याला घेताच येत नाही, तेव्हा बँकेतूनच द्या. तोच खरेदीचा पुरावाही होतो.

वाड्यातल्या बंदुकीबरोबर गोष्ट फुकट मिळते आणि भावात तिचेच पैसे लावलेले असतात. आपल्या भागात दोन गोष्टी हमखास ऐकू येतात: ‘मार्शल लॉच्या वेळची’ आणि ‘रझाकारांची’. १९३० चा सोलापूरचा मार्शल लॉ खरा, आणि सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादकडे निघालेलं मुख्य सैन्य सोलापुराहून नळदुर्गमार्गे गेलं हेही खरं. पण म्हणून समोरची बंदूक तेव्हाची ठरत नाही. त्या काळचा परवाना, जप्तीचा कागद किंवा तारीख असलेला फोटो असेल तर गोष्टीचे पैसे द्या, नाहीतर शून्य. १९४८ ची बंदूक अजून शंभरीही गाठलेली नाही, म्हणजे ती कायद्याने पुरावस्तूच नाही. शिवाय त्या काळातली लष्करी रायफल बहुधा .३०३ निघते आणि तो बोअर (नळीचा आतला व्यास) खासगी माणसाला निषिद्ध आहे. निषिद्ध शस्त्राची शिक्षा ७ वर्षांपासून पुढे. अशी रायफल कितीही स्वस्त मिळाली तरी हात लावू नका. जुन्या शिकारी घराण्यांत .३१५ दिसते ती यासाठीच: लष्करी बोअर नको म्हणून ती रूढ झाली.

तपासणी दोन्हीकडे सारखीच. पहिलं काम, बंदूक भरलेली नाही ना हे बघणं. ठासणीच्या बंदुकीत शंभर वर्षांपूर्वीची दारू कोरडी राहिली असेल तर आजही पेटते. घोडा खाली आहे, निप्पलवर (घोडा आदळतो त्या छोट्या नळकांड्यावर) ठिणगी पाडणारी टोपी नाही याची खात्री करा, तोंड माणसांपासून दूर ठेवा. लाकडी काठी नळीत अगदी टेकेपर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा, मग तीच काठी नळीच्या बाहेरून लावून बघा. काठीचं टोक कानाच्या (दारूला ठिणगी पोचवणाऱ्या भोकाच्या) किंवा निप्पलच्या रेषेपर्यंत यायला हवं. दोन-तीन इंच अलीकडे थांबली तर आत काहीतरी आहे. ते स्वतः उकरू नका. परवानाधारक बंदूक-कारागिराकडून मोकळी करून घ्या.

मग शिक्के. कंपनी सरकारच्या बंदुकांवर आधी बदामाच्या आकाराचा शिक्का असे, १८०८ च्या सुमारास त्याची जागा मुकुट धरलेल्या उभ्या सिंहाने घेतली. कंपनीचं राज्य १८५८ ला संपलं, तेव्हा सिंहाशेजारी १८७० कोरलेलं असेल तर ठसा नकली. मुकुटाखाली व्हीआर म्हणजे राणी व्हिक्टोरिया. ती जानेवारी १९०१ मध्ये वारली, म्हणून व्हीआरखाली १९१२ किंवा १९१९ साल दिसलं तर तो वायव्य सरहद्दीकडच्या नकला करणाऱ्या कारागिरांचा हात. त्यांच्या ठशात इंग्रजी एन उलटा पडतो, मुकुट वाकडा असतो, अक्षरं उथळ आणि कमी-जास्त खोलीची असतात. इशापूरची रायफल फॅक्टरी १९०४ ची, त्याआधीचं साल तिच्या नावाखाली येऊच शकत नाही.

‘सत्तावनची एन्फिल्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बंदुकीला व्हर्नियर कॅलिपर लावा. १८५३ च्या पॅटर्नची नळी ३९ इंच, तीन कडी, बोअर .५७७ म्हणजे सुमारे १४.७ मिमी, आत पेच (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा). उठावानंतर देशी पलटणींसाठी पेच नसलेल्या, .६५६ म्हणजे साधारण १६.७ मिमी बोअरच्या नळ्या काढल्या गेल्या. तशी निघाली तर ती नकली नाही, पण उठावातलीही नाही, आणि भाव त्याप्रमाणे उतरायला हवा. पाठीमागे उजवीकडे उघडणारं झाकण असेल तर ती स्नायडर, म्हणजे १८६६ नंतरची. बाहेर घोडाच नाही आणि खाली लिव्हर आहे, तर मार्टिनी-हेन्री, १८७१ नंतरची. या एवढ्या तपासणीने निम्म्या बढाया गळतात.

तोड्याच्या (पेटत्या वातीने उडणाऱ्या) बंदुकीवरची सोन्याची कोफ्तगरी भिंगाखाली बघा. खऱ्या कामात सोनं उडालंय तिथे पोलादावर बारीक आडव्या-उभ्या रेघा दिसतात, त्या रेघांवरच सोनं ठोकून बसवलेलं असतं. मुलामा मात्र एकसारखा असतो आणि स्क्रूच्या खाचेतही उतरतो. दस्ता अक्रोडाचा असेल तर बहुतेक विलायती, शिसवी असेल तर इकडचा. हात लागतो तिथे लाकूड काळवंडून गुळगुळीत झालेलं असतं. सगळीकडे सारखाच काळा रंग असेल तर तो डब्यातला. लॉकचे (घोड्याच्या यंत्रणेचे) स्क्रू काढू दिले तर आतली बाजू बघाच, खोटं काम तिथे लपत नाही. डोळा तयार करायला लांब जायला नको. अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार खरेदीआधी दोनदा बघावं, आणि पुण्याला गेलात तर केळकर संग्रहालय.

लिलावाच्या वाटेचा मोठा गुण म्हणजे बिल, लॉट नंबर आणि छापील वर्णन. मोठा दोष म्हणजे हातोड्याचा भाव हा तुमचा भाव नसतो. समजा बोली १,००,००० वर थांबली आणि प्रीमियम (लिलावगृह खरेदीदाराकडून वर घेतं ती रक्कम) २० टक्के आहे. २०,००० प्रीमियम, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३,६००, म्हणजे १,२३,६०० झाले. वस्तूवरचा जीएसटी, पॅकिंग आणि वाहतूक वेगळी. म्हणून मनातल्या रकमेला उलटं भागून बोलीची मर्यादा आधी कागदावर लिहा. दीड लाखच खर्चायचे असतील तर १,१०,००० च्या पुढे हात वर करू नका.

कॅटलॉगची भाषा जपून वाचा. ‘१९ वं शतक’ आणि ‘१९ व्या शतकाच्या शैलीत’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दुसऱ्याचा अर्थ नवी वस्तू. विक्री ‘जशी आहे तशी’ असते, म्हणून अवस्थेचा लेखी अहवाल आणि लॉक, ब्रीच (नळीचा मागचा भाग), तोंड व शिक्क्यांचे फोटो आधीच मागा. शक्य असेल तर प्रत्यक्ष बघायला जा. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघालं की सकाळी मुंबई, काठी आणि भिंग पिशवीत असू द्या. ती परवान्याची बंदूक आहे की कलम ४५ मध्ये बसणारी, हे लिलावगृहाकडून लेखी घ्या. न विकलेल्या लॉटकडे मात्र लोकांचं लक्ष नसतं. लिलाव संपल्यावर त्यासाठी राखीव किमतीच्या (विक्रेत्याने ठरवलेल्या किमान भावाच्या) आसपास प्रस्ताव देता येतो. लिलावातली आमच्या मते सगळ्यात चांगली खरेदी तिथेच होते.

घासाघीस करताना विक्रेता फोनवर लंडनच्या लिलावाचा आकडा दाखवतो. टिपू सुलतानाची तलवार २०२३ मध्ये बोनहॅम्समध्ये १ कोटी ४० लाख पौंडांना गेली, हे खरं आहे. पण शंभर वर्षांवरची वस्तू खासगी माणसाला भारताबाहेर नेताच येत नाही, मग तो बाजार इथल्या बंदुकीला लागू कसा? उलट तिकडून आणायची तर शस्त्र कायद्याच्या कलम १० खाली आयात परवाना लागतो. दोन्ही बाजूंनी दार बंद, म्हणून इथला भाव इथल्याच विक्रीवरून काढायचा: गेल्या काही भारतीय लिलावांतल्या त्याच प्रकारच्या वस्तूंचा प्रीमियमसह आकडा घ्या आणि त्यातून वजा करत जा. गज (दारू ठासायची सळई) नवा असेल तर थोडं, दस्ता बदललेला असेल तर बरंच, घोडा दुसऱ्याच बंदुकीचा असेल तर त्याहून जास्त. पॉलिश पेपरने नळी चकचकीत केलेली असेल तर सगळ्यात जास्त वजा करा, कारण शिक्क्यांच्या कडा आणि जुना तांबूस थर एकदा गेला की परत येत नाही. खासगीत प्रीमियम नसतो, म्हणून तिथे त्याही पैशांची वजावट मागायला संकोच करू नका.

घरी आणल्यावर नळी वेल्ड करून ‘निकामी’ करून देणाऱ्या फॅब्रिकेटरकडे नेऊ नका. बंदुकीत बदल करायलाही परवाना लागतो, आणि वस्तूची किंमत त्याच दिवशी संपते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो तेव्हा लाकूड आकसतं आणि लॉकच्या मागे चीर पडते. पश्चिमेच्या भिंतीवर किंवा एसीच्या झोतात टांगू नका. खिळ्याऐवजी कापड गुंडाळलेल्या दोन खुंट्यांवर आडवी ठेवा, लोखंडाला महिन्यातून एकदा हलका मिनरल ऑइलचा हात द्या, आणि हात लावताना सुती हातमोजे घाला. घामातलं मीठ पावसाळ्यात बोटांचे ठसे गंजासकट उमटवतं.