मधल्या सहा इंचांचा खेळ

घरामागच्या शेडमध्ये माझं लेथ आहे. कीवे (शाफ्टमध्ये चावी बसवायची खाच) आणि स्लॉट पाडायला मात्र दर वेळी कोल्हापूरच्या उद्यमनगरात जॉब घेऊन जावं लागायचं, म्हणून जुनं, छोटं, आडवं मिलिंग मशीन (आडव्या दांड्यावरच्या फिरत्या कटरने धातू कापणारं) घ्यायचं ठरवलं. तीन बघितली. एक एचएमटीचं, उत्तम, पण माझ्या कोब्याला पेलणार नाही इतकं जड. दुसरं पंजाबातल्या बटाल्याचं, रंग उडालेलं, तेलकट, कोपऱ्यात पडलेलं. तिसरं विलायती, ताज्या हिरव्या रंगातलं, स्लाइडवर, म्हणजे टेबल सरकतं त्या पृष्ठभागावर, स्क्रेपिंगच्या (हाताने खरवडून पाडलेल्या) चंद्रकोरी चमकत होत्या. त्या चंद्रकोरींनीच मला भुलवलं. त्या तेल धरून ठेवायला असतात, सपाटीचा पुरावा नव्हेत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. झिजलेल्या स्लाइडवरही तासाभरात पाडता येतात.

व्यापाऱ्याने टेबल स्वतःच फिरवून दाखवलं, लोण्यासारखं. टोकापर्यंत न्या म्हटल्यावर म्हणाला, "डॉग लावलेत, तिथेच थांबतं." डॉग म्हणजे टेबल थांबवणारे अडसर. मी मान डोलावली. दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय म्हणाला, आणि मी तिथल्या तिथे 20,000 इसार दिला. एकूण सौदा 1,45,000 चा.

घरी आणून डॉग काढले. दोन्ही टोकांच्या चार-चार इंच अलीकडे टेबल घट्ट अडकलं. गिब (स्लाइडमधली फट कमी-जास्त करायची पट्टी) सैल केली तर टोकापर्यंत गेलं, पण मध्ये आणून हाताने ढकललं की बारीक हालचाल मोजणाऱ्या डायल गेजचा काटा 0.3 मिमी हलायचा. कारण साधं आहे. मशीन आयुष्यभर टेबलाच्या मध्यावर काम करतं, म्हणून स्लाइड मध्येच झिजते आणि टोकं कोरी राहतात. गिब मधल्या झिजेप्रमाणे आवळली की मध्ये झकास चालतं, टोकाला जाम होतं. त्याने मला दाखवले ते नेमके तेच सहा इंच.

टेबल सरकवणाऱ्या स्क्रूचा नटही झिजून गेलेला होता. दिशा बदलली की हँडल अर्धा फेरा मोकळं फिरायचं, म्हणजे 100 थाऊ (इंचाचा दहावा भाग). दाखवताना त्याने हँडल एकाच दिशेने फिरवलं होतं. आडव्या मिलिंगवर एवढा प्ले (ढिलेपणा) धोक्याचा असतो: कटर फिरतो त्याच दिशेने जॉब सरकवला तर कटर तो स्वतःकडे ओढून घेतो. आर्बर, म्हणजे कटर बसवायचा दांडा, मोडतो, बोटं जवळ असतील तर बोटंही जातात.

आणि आर्बर? दुकानात 27 मिमीचा बघितला होता, माझे सगळे कटर त्याच बोअरचे (मधल्या भोकाचे). पेटीत निघाला एक इंची. फोन केला तर म्हणाला, बिल वाचा. बिलावर लिहिलं होतं, 'जुने मशीन, जसे आहे तसे'. आर्बरचा उल्लेखच नव्हता. मापासकट प्रत्येक वस्तू बिलावर लिहून घ्यायला हवी होती.

उद्यमनगरातल्या एका टर्नरने गनमेटलचा नवा नट करून दिला. स्लाइडचं काम अजून बाकी आहे. बटाल्याचं ते तेलकट मशीन मी नीट तपासलंच नाही, याची खंत आहे. कोणी जवळपास मशीन बघायला जाणार असेल तर मला बरोबर न्या. डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड माझं, डॉग काढायचा पानाही माझाच.