ट्रेलरच्या लाकडी तळाला काय लावायचं: तेल, लायनर, रबर मॅट की सरळ नवा प्लाय?

ट्रेलरचा लाकडी तळ कुजायला नको आणि ओला झाला तरी त्यावर पाय घसरायला नको, एवढंच सगळ्यांना हवं असतं, आणि दोन्ही कामं एकदम करतो असं लिहिलेला डबाही मिळतो. पण माझं मत विचाराल तर ही दोन कामं वेगवेगळी धरा. लाकूड कशाने टिकवायचं ते आधी ठरवा, पकड कुठे आणि कशी द्यायची ते नंतर. दोन्ही एका हातात उरकायला गेलं की बऱ्याचदा वर पकड झकास मिळते आणि खाली लाकूड गुपचूप सडत बसतं.

लाकूड भिजलं म्हणून कुजत नाही, भिजलेलं राहिलं म्हणून कुजतं. लाकूड खाणाऱ्या बुरशीला साधारण २० टक्क्यांच्या वर ओलावा लागतो, नीट फोफावायला तर त्याहूनही जास्त, त्याच्या खाली तिचं काही चालत नाही. म्हणजे पाऊस तळावर पडला त्याने फारसं बिघडत नाही, तो किती दिवस आत मुरून बसला त्याने बिघडतं. म्हणून प्रत्येक पर्यायाला मी एकच प्रश्न विचारतो, पाणी आत गेलंच (आणि जाणारच, स्क्रूच्या भोकातून, फटीतून, फळीच्या कापलेल्या टोकातून) तर ते बाहेर कुठून पडणार?

आणि तुमचा तळ फळ्यांचा आहे का प्लायचा तेही बघा, कारण उत्तर त्यावर बदलतं. फळी लांबीत जवळपास हलत नाही पण रुंदीत फुगते आणि आकसते, १५० मिलिमीटर रुंदीच्या सॉफ्टवुडच्या (पाइनसारख्या मऊ लाकडाच्या) फळीतला ओलावा १० टक्क्यांनी वरखाली झाला तर तीनेक मिलिमीटरचा फरक सहज पडतो. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात त्यामुळे तो फारसा हलत नाही. आता फळ्यांवर एकसलग जाड कोट चढवला तर दर मोसमात तो प्रत्येक सांध्यावर ताणला जाणार आणि कधीतरी तिथेच चिरणार, हे उघड आहे.

तर आधी तेल, म्हणजे लाकडात मुरणारं. डेकसाठी, म्हणजे उघड्यावरच्या लाकडी ओट्यासाठी मिळतं ते पेनिट्रेटिंग ऑइल स्टेन, म्हणजे रंगद्रव्य घातलेलं मुरणारं तेल, नाहीतर जुन्या पद्धतीने बॉइल्ड लिनसीड, म्हणजे जवसाचं तेल, टर्पेंटाइन घालून पातळ केलेलं. ह्याचा वर थर बनत नाही म्हणून पोपडे निघायचा प्रश्नच नाही, आतली ओल बाहेर पडायला वाट राहते, आणि दुरुस्ती म्हणजे झाडा, धुवा, वाळवा आणि परत एक हात मारा, बास. तोटा हाच की परत परत करावं लागतं, ट्रेलर कायम उघड्यावर उभा असेल तर वर्षाला एकदा तरी धरून चाला. पाणी शिंपडून बघायचं, थेंब वर थांबले तर ठीक, लगेच मुरून डाग पडला तर वेळ झाली. ह्या दोघांतलं मी स्टेनच घेईन, कारण नुसत्या जवसाच्या तेलावर काळी बुरशी आरामात धरते, तेल तिला खायलाच मिळतं, आणि त्यात रंगद्रव्य नसल्यामुळे उन्हापासून वाचवायला काही नसतं. ऊन लाकडातलं लिग्निन, म्हणजे धागे धरून ठेवणारा घटक, तोडतं आणि फळी राखाडी पडून वरचे धागे सुटायला लागतात, ते अडवतं ते रंगद्रव्यच, त्यामुळे "क्लिअर" लिहिलेले डबे तळासाठी मला पटत नाहीत. तरीही लिनसीडच लावायचं असेल तर बॉइल्डच घ्या, कच्चं वाळायला आठवडे घेतं. आणि तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, वाळताना त्या आपोआप तापतात आणि खरंच पेट घेतात, एकेक पसरून बाहेर वाळवा नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

तेल लावून घसरडं होत नाही का असं विचारतात. मुरलेलं तेल घसरडं नसतं, न मुरता वर राहिलेलं असतं, तेव्हा डब्यावर लिहिलेल्या वेळेनंतर उरलेलं पुसून घ्यायचं, चार हात जास्त मारून काही जास्त टिकत नाही.

दुसरा पर्याय लायनर, पिकअपच्या हौद्यात मारतात तसा पॉलियुरेथेन किंवा पॉलियुरियाचा जाड कोट, बऱ्याचदा रबराचे कण घातलेला. हातात घेतल्या घेतल्या आवडतो, दिसतो छान, पाय धरून ठेवतो, फावडं-घमेलं घासलं तरी ओरखडा येत नाही. प्लायवर आणि तोही कोरड्या प्लायवर हा चांगला पर्याय आहे, फक्त प्लायच्या चारही कडा आणि बोल्टची भोकं आधी नीट भरून घ्यायची, पाणी वरून कमी आणि कडेनेच जास्त शिरतं. खालची बाजू मात्र लायनरने बंद करू नका, तिकडे तेल पुरे, ओल बाहेर जायला एक बाजू तरी मोकळी पाहिजे. फळ्यांवर मात्र मी हा मारणार नाही. सांध्यावर केसाएवढी चीर पडते, त्यातून पाणी आत जातं आणि वरून ऊन लागत नाही, वारा लागत नाही, मग ते तिथेच बसतं. वरून बघाल तर तळ नव्यासारखा आणि खालून स्क्रूड्रायव्हर टोचला तर भसकन आत. नवीन प्रेशर-ट्रीटेड (कुजू नये म्हणून दाबाने रसायन मुरवलेल्या) लाकडावर तर अजिबात घाई नको, ते बहुतेक वेळा ओलंच विकलं जातं आणि वाळायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. तिथेही थेंबांचीच परीक्षा, पाणी मुरायला लागलं की लाकूड कोट घ्यायला तयार. लायनर सोलून काढणं हे वेगळंच दिव्य आहे, म्हणजे हा निर्णय सहज मागे घेता येत नाही हेही धरा.

फ्लोअर पेंटमध्ये वाळू मिसळून मारणं हे ह्याचंच स्वस्त भावंड, तेच गुण तेच दोष, फक्त लवकर निघतो.

रबर मॅटची गंमत वेगळी आहे. माल सरकू नये म्हणून हिच्याइतकं सोपं काही नाही. युरोपातल्या ईएन १२१९५-१ ह्या माल बांधण्याच्या स्टँडर्डमध्ये कापीव लाकूड आणि प्लाय ह्या जोडीला घर्षणाचा गुणांक (जास्त म्हणजे पकड जास्त) ०.४५ धरलाय आणि अँटी-स्लिप रबराला ०.६, आणि तोही पृष्ठभाग स्वच्छ असेल, बर्फ नसेल तर. ह्याचा अर्थ पट्टे बांधायचे नाहीत असा नाही, पट्टे लागणारच, फक्त त्यांच्यावरचा ताण कमी होतो. पण मॅट कायमची अंथरून ठेवली तर लाकडाच्या दृष्टीने ह्याहून वाईट झाकण नाही, खाली पाणी शिरतं आणि वाळायला जागाच नाही. म्हणून मॅट ही मालाबरोबर चढणारी आणि मालाबरोबर उतरणारी वस्तू समजा. अख्ख्या तळाची एकच जड मॅट घेतलीत तर ती उचलायचा कंटाळा येणारच, दोन-तीन तुकडे घ्या.

चेकर प्लेट, म्हणजे उठावाच्या नक्षीचा पत्रा, त्याबद्दल लोकांचा गैरसमज फार आहे, वर नक्षी आहे म्हणजे पकड असणार असं वाटतं, पण ओली आणि थोडी चिखलाची किंवा तेलाची झाली की ती चांगलीच घसरते. शिवाय पूर्ण पत्रा लाकडावर ठोकला की परत तेच, मधे पाणी. लोखंडच हवं असेल तर एक्सपांडेड मेटलच्या जाळीच्या पट्ट्या, त्याही फक्त चाकं जातात त्या दोन रेषांत, पाणी खाली जातं आणि लाकडाची झीजही वाचते. त्यावर गुडघे टेकायचे झाले तर मात्र आठवण राहील.

तळ बदलायचाच आहे त्यांच्यासाठी फिनॉलिक फिल्मचा प्लाय, म्हणजे दोन्ही बाजूंना पाणी न शिरणारा राळेचा पापुद्रा असलेला, वर जाळीचा ठसा उमटवलेला, बरेच कारखानदार ट्रेलरला हाच देतात. बर्चचा चांगला प्लाय असेल तर पकड आणि संरक्षण दोन्ही तयार येतं, दरवर्षी तेलाची कटकट नाही. पण तो कापल्यावर आणि भोकं पाडल्यावर प्रत्येक कडा सील करायची म्हणजे करायचीच, नाहीतर फिल्म दोन्ही बाजूंनी बंद असल्यामुळे आत गेलेलं पाणी अडकून थर सुटतात. आणि "मरीन" नावावर भुलू नका, त्याचा पहिला अर्थ गोंद पाण्यात टिकतो एवढाच, कुजण्याविरुद्ध लाकडाला ट्रीटमेंट दिलीये का ते वेगळं विचारा.

आता पकड. उघडी, थोडी खरबरीत फळी मुळात घसरडी नसते, तिला घसरडं करतं ते शेवाळ आणि बारीक चिखल. म्हणून पकडीचा पहिला उपाय ब्रश आणि ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट पाण्यात घालून घासणं, मग भरपूर पाण्याने धुणं. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, मऊ लाकूड उकरलं जातं आणि धागे उभे राहतात. एवढ्याने भागत नसेल तर पाय पडतो तिथेच अँटी-स्लिप टेप, नाहीतर ग्रिटवाला (खरबरीत कण घातलेला) कोट, म्हणजे फाळक्याजवळची पट्टी आणि रॅम्प. टेप तेल लावलेल्या लाकडावर चिकटत नाही, तिथलं लाकूड कोरं सोडावं लागतं आणि टेपच्या कडा सील कराव्या लागतात. रॅम्पवर तर मला आडव्या लाकडी पट्ट्या स्क्रूने मारणं सगळ्यात भरवशाचं वाटतं, टेप चाकाच्या मरोडीने गुंडाळली जाते. आणि सगळीकडे ग्रिट मारायचा मोह आवरा, फर्निचर सरकवताना त्याचे पाय घासून निघतात आणि चिखल असा धरून बसतो की झाडूने निघत नाही.

जुनं इंजिन ऑइल फासायचा सल्ला अजूनही मिळतो, फुकट आहे म्हणून. ते वाळत नाही, कपड्यांना आणि मालाला लागतं, पाय घसरतो, पावसात धुऊन जमिनीत जातं, आणि त्यातली जड धातू-रसायनं हाताला लागतात ती वेगळीच. ह्याला मी पर्यायांत धरतच नाही.

मग कोणी काय घ्यावं. फळ्यांचा तळ, ट्रेलर उघड्यावर, माती-फांद्या-विटा असलं काम: रंगीत ऑइल स्टेन दोन्ही बाजूंनी, कापलेल्या टोकांना दोन-तीनदा, फळ्यांमधे तीन ते सहा मिलिमीटर फट, रॅम्पवर पट्ट्या. प्लायचा तळ असेल आणि ट्रेलर शेडमधे राहत असेल तर लायनर मारा खुशाल. मोटरसायकल किंवा मशीन न्यायचं असेल तर तेल अधिक मॅटचे तुकडे, आणि चाकांच्या रेषांत जाळी. तळ अर्धा गेलेला असेल तर कोट मारून झाकण्यात वेळ घालवू नका, फळ्या बदला, आणि बदलताना ट्रीटेड लाकूड घेत असाल तर स्क्रू-बोल्ट हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेसच, लाकडात मुरवलेल्या रसायनातल्या तांब्यामुळे साधं लोखंड झपाट्याने गंजतं. चेसिसच्या आडव्या पट्ट्यांवर फळी बसायच्या आधी ब्युटाइलची (मऊ चिकट रबराची) टेप चिकटवून घ्या, तिथेच पाणी सगळ्यात जास्त वेळ थांबतं. आणि ट्रेलर उभा करताना पुढचा जॅक थोडा वर, फाळका उघडा, म्हणजे पाणी मागून निघून जाईल.