सिग्मा १८-५० एफ/२.८ लेन्स: लग्नसराई ते पाडवा, वापरून झाल्यावर

जुन्या किट झूमच्या (कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्सच्या) दुरुस्तीचा आकडा आला तेव्हाच नव्या लेन्सचा हा खर्च ठरला. आतली फ्लेक्स केबल गेली होती. सर्व्हिस सेंटरने जेवढे सांगितले तेवढ्यात तशीच सेकंडहँड लेन्स मिळत होती, वर 'तपासणी शुल्क' वेगळं. त्या शुल्कावरून फोनवर बरंच वाजलं. शेवटी ते भरून लेन्स आहे तशी परत आणली.

माझी बॉडी एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची), २४ मेगापिक्सेल, आत स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी फोटो सांभाळणारी सोय, नाही. काम म्हणजे नात्यातली लग्नं, साखरपुडे, मुंजी आणि नाशिकच्या कालिदास कलामंदिरात होणारे नृत्याचे कार्यक्रम. मानधन निम्म्या वेळा शाल-नारळात मिळतं, त्यामुळे फुल फ्रेमचा विषय आमच्या घरी निघत नाही.

निवड दोघांत होती: सिग्मा १८-५० आणि टॅमरॉन १७-७० (आकडे मिलीमीटरचे; मोठा आकडा म्हणजे लांबचं जवळ). दोन्ही सगळ्या झूमवर एफ/२.८ (हा आकडा लहान तितका उजेड जास्त). सिग्मा २९० ग्रॅमच्या आसपास, पुढे लावायचा फिल्टर ५५ मिलीमीटरचा, स्टॅबिलायझेशन नाही. टॅमरॉन ५२५ ग्रॅम, फिल्टर ६७ चा, स्टॅबिलायझेशन आहे. मनातून टॅमरॉनच हवी होती, पण फरक हजारांत होता. शिवाय फिल्टर मोठा म्हणजे पुढचं प्रत्येक सामान मोठं. सिग्मा घेतली. एका दुकानदाराने 'बिलाशिवाय' स्वस्तात देऊ केली होती. वॉरंटी कार्ड कुठंय विचारल्यावर त्याचा चहाही थंड झाला.

किट झूम ५० ला एफ/५.६ वर जायची. तिथून एफ/२.८ म्हणजे दोन स्टॉप, चौपट उजेड. हॉलमध्ये जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १२८०० लागायचा तिथे ३२०० पुरतो. वधूच्या शालूची जर आता जरच दिसते, जास्त आयएसओचा दाणेदार रवा दिसत नाही. लेन्सचे पैसे इथेच वसूल.

पण ते ५० चं टोक! लग्नसराईत मी रोज त्याच्या नावाने बोटं मोडली. मंगलाष्टकांच्या वेळी पुढे दोन्हीकडचे मामा, बाजूला गिंबल घेतलेला व्हिडिओवाला आणि त्याची ती डोळ्यांवर मारलेली लाइट. अंतरपाट खाली येतो त्या क्षणी वधूचा चेहरा हवा असतो, आणि मी असतो तिसऱ्या रांगेत. ५० म्हणजे फुल फ्रेमच्या हिशेबात ७५. टॅमरॉनवाला त्याच जागेवरून ७० ला, म्हणजे त्याच हिशेबात १०५ ला पोचतो. लेन्सवर फरक किती, तर वीस मिलीमीटर. पुढे सरकायला जागा नाही, मामांना 'जरा बाजूला' म्हणायची हिंमत नाही. 'सावधान' ऐकलं की आधी मीच सावध व्हायचो.

मग चिडून हिशेब मांडला. ५० चा फोटो ७० च्या फ्रेमइतका कापला तर २४ मेगापिक्सेलचे साधारण १२ उरतात. ए-फोर प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) नऊच्या आत लागतात. म्हणजे अल्बमच्या पानावरच्या फोटोला काही धाड भरत नाही. करिझ्मा अल्बमच्या १२ बाय ३६ इंची पूर्ण शीटवर एकच फोटो ताणायचा असेल तर अल्बमवाला कुरकुरतो. ते त्याचं बरोबर आहे. तरी दरवेळी कापत बसायचं म्हणजे संध्याकाळ जाते, आणि ती कुणी बिलात धरत नाही.

जवळून फोटो काढायला मात्र मजा येते. १८ ला सेन्सरपासून १२ सेंटीमीटरवर फोकस होतो. मेंदी, अंगठ्या, रुखवताच्या ताटातली करंजी, सगळं एकाच लेन्सवर. इतक्या जवळ गेल्यावर लेन्सचीच सावली पडते, तेवढं सांभाळायचं.

इथपर्यंतचं लग्नसराई संपताना लिहून ठेवलं होतं. तेव्हा शेवटची ओळ 'जमत असेल तर टॅमरॉनच घ्या' अशी होती. ती आता खोडतो, अर्धीच.

दिवाळीत पंचवटीतल्या मित्राची टॅमरॉन चार दिवस मागून घेतली. पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेला दोन्ही लेन्स घेऊन गेलो. उजाडायच्या आधीचा अंधार, मंचावरचा पिवळा प्रकाश. स्टॅबिलायझेशनच्या भरवशावर शटर १/१५ सेकंदावर आणलं, तर मागचा पार आणि माइकचा स्टँड अगदी कोरल्यासारखे आले, गायकाचा हात आणि तबलजीची बोटं मात्र धूर. स्टॅबिलायझेशन माझा हात धरतं, गाणाऱ्याचा नाही. माणसं हलत असतील तर १/१२५ च्या खाली उतरता येत नाही, नाचाला तर १/२५० हवंच. तिथे दोन्ही लेन्स एकाच पंगतीला. सहा महिने ज्या स्टॅबिलायझेशनसाठीही हळहळत होतो ते लग्नात फारसं कामाचंच नव्हतं.

त्याच संध्याकाळी रामकुंडावर उलटं झालं. पाण्यावरचे दिवे, घाटाच्या पायऱ्या, गर्दीत ट्रायपॉड उघडायची सोय नाही. टॅमरॉनने १/८ ला हातात धरून स्वच्छ फ्रेम दिल्या. माझ्या सिग्माला तेवढ्यासाठी आयएसओ बराच चढवावा लागला. ज्यांचं काम घाट, मंदिरं, रोषणाई असं आहे त्यांनी ते जास्तीचे पैसे द्यावेत.

एक गोष्ट लेन्सची नाही, पण शिव्या लेन्सला बसतात म्हणून सांगतो. मैफलीत शटरचा आवाज नको म्हणून सायलेंट मोड लावला की एलईडीखाली फोटोवर आडवे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्टे बहुतेक जातात. स्टेजमागच्या एलईडी वॉलची तऱ्हा वेगळी, तिथे नेम नाही. शेवटी मेकॅनिकल शटरच लावायचं, आणि आलापात खटका वाजला की पुढच्या रांगेतले आजोबा वळून बघतात ते सोसायचं.

आणखी एक: एफ/२.८ मिळालं म्हणून ग्रुप फोटोलाही तेच ठेवू नका. ५० ला तीन मीटरवर जेमतेम सव्वा फूट नीट दिसतं. मागच्या रांगेतल्या काकू धूसर आल्या की फोन आपल्याला येतो.

टॅमरॉन परत दिली. सहा तासांच्या लग्नानंतर सिग्मा मनगटाला जाणवत नाही, हेही त्या चार दिवसांतच कळलं. वीस मिलीमीटरबद्दल माझं मत तेच आहे, तिथे मी हटणार नाही. अगदीच लांबून काढायचं लग्न आलं तर मित्राची आहेच, आणि तिच्या ६७ च्या फिल्टरचे पैसे त्याने भरलेत.