व्हर्च्युअल बुक टूरच्या नावाखाली साडेएकोणतीस हजारांचा गंडा

सुरुवातीलाच सांगते, माझ्या कादंबरीचा व्हर्च्युअल बुक टूर, म्हणजे ऑनलाइन दौरा, झाला. करारातल्या दहाही ठिकाणी झाला, ठरल्या तारखांना झाला, प्रत्येक ठिकाणची लिंक माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर आली. पैसे घेऊन पळाले असते तर बरं झालं असतं, निदान तक्रार एका ओळीत लिहिता आली असती. इथे कागदोपत्री सगळं चोख आहे आणि पुस्तक मात्र एकाही माणसाने उघडलेलं नाही. दिवाळीच्या आधी, पुस्तकं यायच्या मोसमात असले दौरे विकणाऱ्या लोकांचे फोन वाढतात, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

माझी कादंबरी कोयनेच्या धरणग्रस्तांवर आहे. पाटण-जावळीतली पाण्याखाली गेलेली गावं, तिथून उठवून सोलापूर, सांगली, रायगड, ठाण्याकडे नेऊन बसवलेली माणसं आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप. असल्या विषयाला मोठा प्रकाशक सहसा हात लावत नाही. पदरमोड करून पाचशे प्रती काढल्या. काही ग्रंथालयांत गेल्या, काही ओळखीपाळखीत, उरलेले गठ्ठे पलंगाखाली. मराठीत स्वखर्चाने पुस्तक काढलेल्या बहुतेकांच्या पलंगाखाली हेच असतं आणि फोन करणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. नंबर शोधायलाही त्याला कष्ट नाहीत, पुस्तकाच्या श्रेयपानावर तो छापलेलाच असतो.

"ताई, तुमचं पुस्तक वाचलं. दोन रात्री झोप नाही लागली." आवाज तरुण, मराठी स्वच्छ. पुस्तकातलं नेमकं काय भावलं असं मी विचारलं, तर म्हणाला, "ताई, ती मातीशी असलेली नाळ." हे कुठल्याही मराठी कादंबरीला चालतं, अगदी परभणीत घडणारी असो की परदेशात. मग मुद्द्यावर आला: जागतिक व्हर्च्युअल बुक टूर. लंडन, दुबई, सिंगापूर, अमेरिकेतली दोन-तीन शहरं, शिवाय पुणे-मुंबई. दहा ठिकाणच्या मराठी वाचकांच्या पानांवर माझी मुलाखत, परीक्षण, उतारा, एक लाइव्ह कार्यक्रम, आणि अ‍ॅमेझॉनवर पन्नास पंचतारांकित अभिप्राय. सिल्व्हर ९,९९९, गोल्ड २४,९९९, प्लॅटिनम ४९,९९९, वर अठरा टक्के जीएसटी. मी गोल्ड घेतलं. सगळे मिळून साडेएकोणतीस हजार.

मूळ कल्पना लबाडीची नाही, हे सांगितलं पाहिजे. अमेरिकेत ब्लॉगची चलती होती त्या काळात, म्हणजे २००० नंतरच्या दशकात ती रुळली. लेखकाने शहरोशहरी विमानाने फिरण्याऐवजी आठ-पंधरा दिवस रोज एका ब्लॉगवर जायचं. आज परीक्षण, उद्या मुलाखत, परवा एखादं प्रकरण, शेवटी वाचकांना भेटप्रती. नीट काम करणारा आयोजक पैसे घेतो ते या जुळवाजुळवीचे. परीक्षण लिहिणाऱ्याला पुस्तकाची प्रत फुकट मिळते, पैसे मिळत नाहीत, आणि पुस्तक नावडलं तर तसं लिहायची त्याला मुभा असते. चांगलंच छापून येईल अशी हमी असा आयोजक देत नाही. २०२० च्या टाळेबंदीत आपल्याकडेही प्रकाशन समारंभ झूमवर झाले, कवितावाचनं फेसबुक लाइव्हवर झाली. घरबसल्या कार्यक्रम होतो आणि त्याला परगावचे लोक येतात, हे तेव्हा सगळ्यांनीच पाहिलं. या मंडळींचा धंदा त्या भरवशावर उभा आहे.

आता दौऱ्यात काय झालं ते. पहिल्या मुक्कामाचं परीक्षण आलं आणि मी दोनदा वाचलं. त्यात लिहिलं होतं: "समुद्रकिनारी वसलेल्या गावात वाढलेली कोयना ही या कादंबरीची धाडसी नायिका आहे. कोयनाचा संघर्ष आणि तिची प्रेमकहाणी वाचकाला अंतर्मुख करते."

कोयना नदी आहे हो. माझ्या कादंबरीत त्या नावाची एकही बाई नाही, आणि पाटण तालुक्यात समुद्र आणायचा तर सह्याद्री आडवा करावा लागेल. मी लगेच फोन केला. "टायपिंग मिस्टेक असेल ताई, सांगतो टीमला." दुसऱ्या मुक्कामी कोयना "करारी" झाली, तिसऱ्या ठिकाणी "स्वप्नाळू", पाचव्या ठिकाणी तिचं लग्न लागलं. वाक्यांची घडण सगळीकडे तीच, विशेषणं तेवढी बदललेली. किंडलच्या, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ई-बुक दुकानाच्या, पानावरचा चार ओळींचा परिचय कुठल्यातरी एआयमध्ये घालायचा आणि दहा वेळा नव्याने बटण दाबायचं, एवढंच काम होतं ते. मी छापील प्रतींचं पार्सल स्वतःच्या खर्चाने त्यांच्या पत्त्यावर पाठवलं होतं. ते उघडलं तरी होतं की नाही, देव जाणे.

लाइव्हचा प्रकार तर याच्यावर कडी. मुलाखत घेणाऱ्या मुलीने विचारलं, "लेखनाची प्रेरणा कुठून मिळाली?" पुढचा प्रश्न, "तरुणांना काय संदेश द्याल?" पुनर्वसनाच्या जमिनी, सातबारा, नव्या गावातले पाण्याचे हाल, यावर मी बोलायला लागले की ती मान डोलवत पुढच्या चिठ्ठीकडे बघायची. कार्यक्रम चालू असताना पाहणारे मोजकेच होते, त्यात माझी सून आणि तिची बहीण. दुसऱ्या दिवशी स्क्रीनशॉट आला: बारा हजार व्ह्यूज! फेसबुकवर व्हिडिओ क्षणभर चालला तरी व्ह्यू मोजला जातो, आणि असे व्ह्यूज हजार-हजारांच्या गठ्ठ्याने विकत मिळतात. खालच्या प्रतिक्रिया वाचल्या तर "नाइस मॅम", "व्हेरी इन्स्पायरिंग", "ऑल द बेस्ट", पुन्हा "नाइस मॅम". पुस्तकाबद्दल एक प्रश्न नाही, पुस्तक कुठे मिळेल अशी चौकशी नाही. मराठी माणूस प्रतिक्रिया देतो आणि शुद्धलेखनाची एकही चूक काढत नाही, इथेच खरं तर शंका यायला हवी.

सुनेने मग ती दहाही पानं उघडून बघितली. फेसबुकवर कुठल्याही पानाच्या माहितीत "पेज ट्रान्सपरन्सी" असा भाग असतो. पान केव्हा सुरू झालं, आधी नाव काय होतं, चालवणारे कुठल्या देशात बसलेत, हे तिथे दिसतं. आमच्या दौऱ्यातलं एक पान आधी शायरीचं होतं, एक नोकरीच्या जाहिरातींचं, आणि "लंडन"वालं पान केस वाढवायच्या तेलाचं. चालवणारे सगळे भारतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं आहे, त्यामुळे लंडन आणि मराठी हे दोन शब्द शेजारी आले की आपण पुढे काही विचारत नाही. त्यांनी "मंडळ" हा शब्द मात्र कुठेही वापरला नव्हता. "लंडनमधील मराठी वाचक" एवढंच. खोटं पकडायला जावं तर हातात काहीच येत नाही, इतकं जपून लिहिलेलं.

अभिप्रायांनी मात्र खरं नुकसान केलं. अ‍ॅमेझॉनवर आठवड्याभरात पंचतारांकितांची रांग लागली, त्यातही अर्थातच कोयनाताई होत्या. नंतर एके दिवशी सगळे गायब. पैसे देऊन अभिप्राय लिहून घेणं अ‍ॅमेझॉनच्या नियमात बसत नाही, आणि २०१५ पासून त्यांनी असे अभिप्राय विकणाऱ्यांना अमेरिकेत कोर्टातही खेचलं आहे. माझ्या पानावरून खोट्यांबरोबर दोन खरे अभिप्रायही गेले. त्यातला एक सोलापूरकडच्या वसाहतीत वाढलेल्या गृहस्थांचा होता, आजोबांच्या घराबद्दल त्यांनी लिहिलं होतं. साडेएकोणतीस हजारांपेक्षा मला त्याची हळहळ जास्त आहे. किंडलवर स्वतः पुस्तक टाकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: असल्या अभिप्रायांपायी लेखकाचं खातंही बंद होऊ शकतं. विकणारा तोवर दुसऱ्या नावाने दुकान थाटून बसलेला असतो.

दौऱ्याच्या मध्यावर "बेस्टसेलर" करून देण्याची वेगळी ऑफर आली, आणखी सात हजारांत. ती मी घेतली नाही, पण पद्धत सांगते. ई-बुकची किंमत एकोणपन्नास रुपये करायची, पुस्तक एखाद्या कोपऱ्यातल्या उपवर्गात टाकायचं आणि एका संध्याकाळी वेगवेगळ्या खात्यांवरून प्रती घ्यायच्या. अ‍ॅमेझॉनची क्रमवारी सतत बदलत असते आणि लहान उपवर्गात थोड्या विक्रीवरही पुस्तक वर चढतं. केशरी पट्टी दिसली की स्क्रीनशॉट काढायचा. रात्रीतून पुस्तक खाली उतरतं, स्क्रीनशॉट जन्मभर फेसबुकवर मिरवतो. अशा किती "बेस्टसेलर" लेखकांचे सत्कार आपण केलेत, याचा हिशेब न लावलेलाच बरा.

पैसे परत मागितले तेव्हा त्याने कराराचा परिच्छेद पाठवला. पोस्ट प्रसिद्ध होताच सेवा पूर्ण झाली असे समजले जाईल. वाचकसंख्या, विक्री किंवा प्रतिसादाची हमी नाही. सायबर पोलिसांकडेही गेले. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, सांगितलेल्या पोस्ट त्यांनी टाकल्या ना? मग ही दिवाणी बाब आहे." त्यांचंही अगदीच चूक नव्हतं.

धागा सापडला तो बिलात. सून कराडला एका सीएच्या ऑफिसात काम करते. तिने बिल हातात घेतलं, जीएसटी क्रमांकावर बोट फिरवत अक्षरं मोजली आणि म्हणाली, "आई, ही चौदाच आहेत." जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७; मग दहा अक्षरांचा पॅन; नंतर नोंदणीचा क्रम, सहसा झेड, आणि शेवटचं पडताळणीचं अक्षर. पत्ता पुण्याचा आणि सुरुवात ०९ ने, म्हणजे उत्तर प्रदेश. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की नोंदणीचं नाव दिसतं, हा तर तिथे निघालाच नाही. शिवाय पैसे गेले होते एका माणसाच्या बचत खात्यात. नोंदणी नसताना जीएसटी गोळा करायला कायद्याने मनाई आहे. हे सगळं मुद्देसूद लिहून मेल केला, तेव्हा इतके दिवस न उचलला गेलेला फोन तासाभरात आला. जीएसटीचे साडेचार हजार परत मिळाले. बाकीच्या पैशांना त्याने हात वर केले.

याच सुमारास इंग्रजीतून मेल सुरू झाले. अमेरिकेतल्या बुक क्लबला म्हणे माझी कादंबरी "स्पॉटलाइट"मध्ये घ्यायची आहे, फी डॉलरमध्ये. कादंबरीचं इंग्रजी भाषांतर झालेलंच नाही, पण मेलमध्ये कोयनाच्या धाडसाचं कौतुक होतं! म्हणजे माझा मेल पत्ता कुठून गेला ते कळलं. अमेरिकेत "रायटर बिवेअर" ही लेखकांना सावध करणारी जुनी मोहीम आहे. एआयने लिहिलेली लाघवी पत्रं आणि खऱ्या बुक क्लबांची नावं चोरून मागितलेल्या फिया यांबद्दल ती २०२५ मध्ये वारंवार बजावत होती. खरा वाचक क्लब लेखकाला बोलावण्याचे लेखकाकडूनच पैसे मागत नाही.

तुम्हाला फोन आला तर आधीच्या एखाद्या दौऱ्याच्या सगळ्या लिंक मागा. स्क्रीनशॉट घेऊ नका, लिंकच मागा. त्या उघडून पुस्तकातल्या एखाद्या पात्राबद्दल, प्रसंगाबद्दल कुणी भांडलंय का ते बघा. त्या लेखकाला स्वतः फोन करा. पान चालवणाऱ्याशी थेट बोलायचंय म्हणून सांगा आणि समोरचा किती वेळ टाळतो ते बघा. अभिप्रायांचा आकडा आधीच सांगत असेल तर पुढे बोलूच नका.

आणि पैसे गेलेच असतील तर बिल, चॅट, करार, लिंक सगळं जपून ठेवा, त्यांची पानं नाहीशी व्हायच्या आत. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. पैसे घेऊन माणूस पळालाच असेल तर लगेच १९३०, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येतो, समोरचा कुठेही असो. तुम्ही पुस्तक विकता म्हणजे व्यापारी आहात, ग्राहक नाही, असा मुद्दा हे दौरेवाले काढतात. माझ्या नोटिशीच्या उत्तरात काढलाच आहे. आयोगात अर्ज करायची मुदत दोन वर्षांची. माझा अर्ज साताऱ्याला दाखल झाला आहे, आणि सोबत दहाही परीक्षणं जोडली आहेत, कोयनाच्या लग्नासकट.