आत्याचे मोडलेले हाड आणि आमच्या कारचा पॅकेज विमा
गेल्या पावसाळ्यात देवासहून इंदूरला परतताना मांगलियाजवळ रस्त्यावर अचानक कुत्रे आले, मी ब्रेक दाबला आणि आमची कार घसरून दुभाजकावर आदळली. शेजारी बसलेल्या आत्याच्या मांडीचे हाड मोडले, माझे मनगट मोडले. समोर दुसरे वाहन नव्हतेच, त्यामुळे दोष द्यायला कुणी नव्हते. त्यानंतर आमच्या विमा पॉलिसीचा जो अनुभव आला, तो इथे लिहीत आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही.

गाडीच्या नुकसानीबाबत तक्रार करण्यासारखे काही नाही. दुसऱ्याच दिवशी सर्व्हेअर वर्कशॉपमध्ये आले आणि दुरुस्तीचे बिल कंपनीने परस्पर भरले. खरी परीक्षा शरीराच्या दुखापतींची होती.

माझ्या पॉलिसीत मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा होता. विकताना एजंटने एवढेच सांगितले होते की तो सक्तीचा आहे. मात्र ही रक्कम मृत्यू किंवा ठरावीक स्वरूपाच्या कायम अपंगत्वासाठी असते, म्हणजे दोन्ही हात किंवा दोन्ही डोळे गमावल्यास पूर्ण आणि एक हात किंवा एक डोळा गमावल्यास निम्मी. मोडून पुन्हा जुळलेल्या मनगटासाठी त्यातून काहीही मिळत नाही. प्लास्टरचा आणि फिजिओथेरपीचा खर्च माझ्या आरोग्य विम्यातून झाला. ही गोष्ट हप्ता भरण्याआधी ग्राहकाला समजावून सांगणे एजंटचे कर्तव्य आहे, असे मला मनापासून वाटते.

आत्याचे प्रकरण वेगळे होते. मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीने आलेले आणि १ एप्रिल २०२२पासून लागू झालेले कलम १६४ असे सांगते की मृत्यू झाल्यास ५ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये वाहनमालकाने किंवा त्याच्या विमा कंपनीने द्यावेत, आणि त्यासाठी कुणाची चूक होती हे दावेदाराने सिद्ध करण्याची गरज नाही. हाड मोडणे ही कायद्याच्या व्याख्येनुसार गंभीर दुखापतच आहे. तरीही अर्जाचा विषय काढताच आत्या म्हणाली, “अगं, मी तुझ्यावर दावा लावू? लोक काय म्हणतील?” तिला पटवायला मला आठवडा लागला. या तरतुदीत भाचीला दोषी ठरवावे लागत नाही आणि पैसे विमा कंपनी देते, हे कळल्यावरच ती सही करायला तयार झाली.

कंपनीच्या हेल्पलाइनवर मात्र “नातेवाइकांना मिळत नाही” असे ठाम उत्तर मिळाले. ते चुकीचे होते. खासगी कारच्या पॅकेज पॉलिसीत, म्हणजे स्वतःच्या गाडीचे नुकसान आणि इतरांची भरपाई दोन्ही सामावणाऱ्या पॉलिसीत, गाडीत बसलेल्या प्रवाशांबद्दलची जबाबदारी समाविष्ट असते. केवळ थर्ड पार्टी, म्हणजे फक्त गाडीबाहेरच्या लोकांच्या नुकसानीची पॉलिसी असती तर नेमके इथेच अडले असते. मी पॉलिसीची प्रत, पोलिसांचा अपघात अहवाल आणि एक्स-रे जोडून लेखी पत्र दिले, तेव्हा प्रकरण दाव्यांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे गेले आणि अखेर अडीच लाखांचा प्रस्ताव आला. त्या अधिकाऱ्यांनी आत्याशी घरी येऊन, आदराने आणि शांतपणे बोलणी केली, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

सही करण्यापूर्वी आम्ही जिल्हा न्यायालयातील एका वकिलांना विचारले. हा प्रस्ताव स्वीकारला की कलम १६६खालचा, म्हणजे चूक सिद्ध करून मोठी भरपाई मागण्याचा, अपघाताचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणापुढचा दावा संपतो. आणि तो दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. आत्या निवृत्त आहे, बुडालेले उत्पन्न दाखवण्यासारखे नव्हते आणि शस्त्रक्रियेचा खर्च या रकमेत बसत होता, म्हणून तिने प्रस्ताव स्वीकारला. कमावत्या माणसाने मात्र हा हिशेब नीट मांडल्याशिवाय सही करू नये.

दाव्याच्या सेवेला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन. कापलेला दीड गुण हेल्पलाइनवरच्या त्या एका वाक्यासाठी आहे, कारण त्यावर विश्वास ठेवून आम्ही घरी बसलो असतो. नूतनीकरण याच कंपनीकडे केले, पण या वेळी प्रवाशांसाठीचा अपघात विमा आणि वैद्यकीय खर्चाची जोड घेतली, आणि दोन्हींच्या अटी एजंटकडून लेखी मागून घेतल्या.