लिंबूसत्त्वाचा दहा महिन्यांचा अनुभव: पाणी गरम करू नका

गेल्या आषाढात आमच्या यावलच्या घरातील पंधरा लिटरच्या गीझरची कॉइल जळाली. दुरुस्तीला आलेल्या माणसाने कॉइलवरचा बोटभर जाडीचा पांढरा थर दाखवला, बोअरच्या पाण्याला दोष दिला आणि नव्या कॉइलचे 1,850 रुपये व टाकी धुण्याचे 600 रुपये वेगळे सांगितले. कॉइल बदलण्यावाचून इलाज नव्हता. पण धुण्यासाठी तो संडास साफ करण्याचे तीव्र ॲसिड वापरणार होता आणि तांब्याच्या टाकीत ते ओतू देण्यास माझे मन धजेना. म्हणून किराणा दुकानातून 190 रुपयांना लिंबूसत्त्वाची, म्हणजे सायट्रिक आम्लाची, एक किलोची पिशवी आणली.

गीझरआधी विजेच्या किटलीवर प्रयोग केला. पिशवीवर लिहिल्याप्रमाणे तीन चमचे पूड टाकून पाणी उकळले, भरपूर फेस आला आणि जुना खडबडीत थर गेला. दुसऱ्या दिवशी मात्र तळाशी मऊ पिठीसारखा नवाच पांढरा थर चिकटलेला दिसला. पुन्हा पूड टाकून उकळले, तर तो वाढला. पुडीत भेसळ आहे असे मी दुकानदाराला तोंडावर सांगून आलो.

जळगावला रसायनशास्त्र शिकणाऱ्या भाच्याने किटली पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, “मामा, पाणी उकळलं होतं का?” माझे मत तेथेच बदलले. हे आम्ल पाण्यातील क्षाराशी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटशी, संयोग पावते तेव्हा कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम सायट्रेट तयार होते. हे सायट्रेट पाण्यात मुळातच फार थोडे विरघळते, आणि साखर-मिठाच्या उलट, पाणी जितके गरम तितके ते कमी विरघळते. म्हणून उकळत्या पाण्यात ते खाली बसते. कारखान्यात नेमका याच गुणाचा उपयोग करतात. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जेम्स करी यांनी 1917 साली दाखवून दिल्यापासून हे आम्ल प्रामुख्याने साखरेच्या द्रावणावर ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी वाढवून काढतात. त्या गरम द्रावणात चुना घालून कॅल्शियम सायट्रेट खाली बसवतात, गाळतात आणि सल्फ्युरिक आम्लाने त्यातून सायट्रिक आम्ल मोकळे करतात. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी 1784 मध्ये लिंबाच्या रसातून ते प्रथम वेगळे केले, तेव्हाही आधार चुन्याचाच होता. कारखान्याला हवी असलेली ती घटना माझ्या किटलीत नको तेथे घडली. दुकानदाराची मी जाऊन माफी मागितली. पण पिशवीवर ‘उकळा’ असे छापणाऱ्यांना मी अजून क्षमा केलेली नाही, कारण ज्या एका चुकीने माल वाया जातो तीच ते गिऱ्हाइकाला शिकवतात.

ताजे, थंड आणि मुबलक द्रावण रात्रभर ठेवल्यावर तो पिठीसारखा थरही गेला.

आता गीझरची पद्धत सांगतो. वीज बंद करून टाकी रिकामी करतो, गंज रोखण्यासाठी आत बसवलेली मॅग्नेशियमची कांडी आठवणीने काढून ठेवतो, कारण हे आम्ल तिलाही खाते, आणि 300 ग्रॅम पूड साध्या पाण्यात विरघळवून टाकी भरतो. लिटरला 20 ग्रॅम या प्रमाणात शंभरातले जेमतेम आठ रेणू आपला हायड्रोजन सोडतात, बाकीचे राखीव राहतात आणि खर्च होईल तसतसे पुढे येतात. दुर्बल आम्ल म्हणतात ते यालाच. म्हणून काम सावकाश होते, चार-पाच तास द्यावे लागतात, पण तांब्याला धक्का लागत नाही. कागदावरच्या हिशेबाने 100 ग्रॅम आम्ल 78 ग्रॅम क्षार खाते. दुर्बल म्हणून गाफील मात्र राहू नये. आमच्या कडाप्प्याच्या ओट्यावर चार थेंब सांडले आणि पुसेपर्यंत तेथे फिक्या, निस्तेज कड्या उमटल्या, त्या आजही दिसतात. कडाप्पा हाही चुनखडीचाच दगड.

दुसरी पिशवी 170 रुपयांना मिळाली म्हणून आनंदाने घेतली. घरी आल्यावर ‘मोनोहायड्रेट’ हा शब्द वाचला. त्यात वजनाच्या 8.6 टक्के पाणीच असते, म्हणजे किलोत आम्ल 914 ग्रॅम. हिशेब केला तर पहिल्या पिशवीतील निर्जल, म्हणजे पाणी नसलेल्या, आम्लाच्या तुलनेत किलोमागे फक्त चार रुपये वाचले. पिशवीवरील तो बारीक शब्द वाचूनच भाव ठरवावा.

त्याच पिशवीतले थोडे वहिनी केळीच्या वेफर्ससाठी नेतात. कच्च्या केळीच्या चकत्या या पाण्यात टाकल्या की काळ्या पडत नाहीत, कारण आम्लतेमुळे रंग बदलणारे विकर मंदावते.

परवा वैशाखात गीझर पुन्हा उघडला. कॉइलवर पातळ पापुद्रा होता, नखाने निघाला, आणि खाली तांब्याचा तांबडा रंग स्वच्छ दिसला.