एडब्ल्यूएस सॉल्यूशन्स आर्किटेक्ट प्रोफेशनल: परीक्षा उत्तम, पण घरून द्यावी का?

ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस, म्हणजेच एडब्ल्यूएस ही सर्व्हर, साठवण अशा संगणकीय सेवा इंटरनेटवरून भाड्याने देणारी कंपनी. तिच्या प्रमाणपत्र परीक्षांपैकी ‘सॉल्यूशन्स आर्किटेक्ट प्रोफेशनल’ ही अवघड म्हणून ओळखली जाते आणि ते रास्तही आहे. मात्र ती कशामुळे अवघड आहे, याविषयी तयारी करणाऱ्यांचा बहुधा गैरसमज असतो. सेवांची नावे आणि त्यांच्या मर्यादा पाठ करण्याचे काम त्याखालच्या असोसिएट पातळीवरच बरेचसे उरकते. लॅम्डा फंक्शन, म्हणजे स्वतः सर्व्हर न सांभाळता चालवता येणारा कोडचा तुकडा, १५ मिनिटांपेक्षा जास्त चालत नाही, हे ठाऊक असले की एखादा पर्याय लगेच बाद करता येतो. पण प्रोफेशनल पातळीवर अशी सोपी संधी क्वचितच मिळते. येथे दोन-तीन पर्याय प्रत्यक्षात चालण्याजोगे असतात आणि प्रश्नाच्या मजकुरात दडलेली एखादी अट त्यांपैकी एकालाच योग्य ठरवते.

उदाहरण म्हणून मीच रचलेला एक प्रश्न घेऊ. एका कंपनीचे सर्व्हर खासगी सबनेटमध्ये, म्हणजे इंटरनेटशी थेट न जोडलेल्या नेटवर्कच्या भागात आहेत, ते रोज प्रचंड लॉग एस-थ्री या साठवणीच्या सेवेत ठेवतात आणि त्यांना बाहेर जाण्याची वाट देणाऱ्या नॅट गेटवेचे बिल सतत वाढत आहे. सर्वांत कमी खर्चाचा उपाय कोणता? नॅट गेटवेला तासाचा आकार असतोच, शिवाय त्यातून जाणाऱ्या प्रत्येक जीबीचाही वेगळा आकार पडतो. एस-थ्रीकडे थेट खासगी वाट देणाऱ्या गेटवे एंडपॉइंटला यांपैकी काहीच लागत नाही, म्हणून उत्तर तेच. आता याच प्रश्नात एक वाक्य वाढवा: कंपनीच्या स्वतःच्या डेटा सेंटरमधील यंत्रांनाही डायरेक्ट कनेक्ट या एडब्ल्यूएसशी जोडणाऱ्या खासगी वाहिनीवरून एस-थ्रीतील त्याच बकेटपर्यंत, म्हणजे साठवणीच्या कप्प्यापर्यंत, खासगी मार्गाने पोहोचता आले पाहिजे. गेटवे एंडपॉइंट व्हीपीसीच्या, म्हणजे एडब्ल्यूएसमधील कंपनीच्या खासगी नेटवर्कच्या, बाहेरून वापरता येत नाही, त्यामुळे त्या यंत्रांसाठी पैसे मोजून इंटरफेस एंडपॉइंट हा दुसरा प्रकार घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही. असे एक वाक्य नजरेतून निसटले की उत्तर चुकते, आणि ते निसटावे इतके हे प्रश्न लांब असतात.

नोव्हेंबर २०२२ मध्ये लागू झालेल्या एसएपी-सी०२ या आवृत्तीत ७५ प्रश्न आणि १८० मिनिटे आहेत, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी २ मिनिटे २४ सेकंद मिळतात. त्यांतील १० प्रश्न गुणांत धरले जात नाहीत, परंतु ते कोणते हे कळत नसल्याने सगळेच मनापासून सोडवावे लागतात. गुणांकन १०० ते १,००० या मापावर होते आणि उत्तीर्ण होण्यासाठी ७५० लागतात. प्रत्येक विभागात स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागत नाही. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. शुल्क ३०० डॉलर अधिक कर असे आहे.

इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठी एक सवलत आहे आणि तिची माहिती पुरेशी पसरलेली नाही. इंग्रजीतून परीक्षा देणाऱ्या अशा उमेदवाराला अर्ज केल्यास ३० मिनिटे वाढवून मिळतात. हा अर्ज परीक्षेची वेळ आरक्षित करण्यापूर्वी करावा लागतो, कारण आधीच घेतलेल्या वेळेला ही वाढ लागू होत नाही. लांब प्रश्नांच्या परीक्षेत ही अर्ध्या तासाची वाढ मोठीच म्हणायची.

तयारीसाठी अधिकृत परीक्षा मार्गदर्शिकेपासूनच सुरुवात करावी. तिच्यात चार विभागांचे भारांक दिले आहेत: संस्थात्मक गुंतागुंतीसाठी रचना २६ टक्के, नव्या प्रणालींची रचना २९, चालू प्रणालींतील सुधारणा २५ आणि स्थलांतर व आधुनिकीकरण २०. पहिल्या विभागात सर्वाधिक गोंधळ उडतो, कारण एकाच खात्यावर काम करणाऱ्याला अनेक खात्यांची व्यवस्था कधी हाताळावीच लागत नाही. अनेक खात्यांवर वरून लागू होणारी सर्व्हिस कंट्रोल पॉलिसी कोणालाही परवानगी देत नाही, ती फक्त परवानग्यांची कमाल मर्यादा आखते आणि मुख्य व्यवस्थापन खात्याला ती लागूच होत नाही, हे वाचून पटते. पण ऑर्गनायझेशन्स या अनेक खाती एकत्र सांभाळणाऱ्या सेवेत एक जादा खाते उघडून, ॲडमिन अधिकार हाताशी असतानाही ‘ॲक्सेस डिनाइड’ हा संदेश एकदा पाहिला की विसरणे शक्य नाही. अशा प्रयोगांआधी खर्चाच्या मर्यादेची सूचना लावून ठेवावी, कारण विसरलेला नॅट गेटवे वापराविनाही पैसे खात राहतो. आपत्तीनंतर सावरण्याचे चार मार्ग, म्हणजे बॅकअप-रिस्टोअर (साठवलेल्या प्रतीवरून पुन्हा उभारणी), पायलट लाइट (फक्त गाभा तयार), वॉर्म स्टँडबाय (छोट्या प्रमाणात पूर्ण प्रणाली चालू) आणि मल्टि-साइट (दोन्हीकडे पूर्ण प्रणाली चालू), यांचा क्रम खर्च आणि लागणारा वेळ या दोन्ही अंगांनी पक्का असला पाहिजे. स्किल बिल्डर या एडब्ल्यूएसच्या प्रशिक्षण संकेतस्थळावरील २० प्रश्नांचा अधिकृत संच विनामूल्य आहे. तो प्रश्नांची धाटणी समजण्यापुरता पुरतो, सरावाला मात्र अपुरा पडतो. फुटलेल्या प्रश्नांचे ‘डम्प’ विकणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नये. तो परीक्षेआधी मान्य केलेल्या कराराचा भंग आहे, त्यापायी मिळालेले प्रमाणपत्रही रद्द होऊ शकते, शिवाय त्यांतील उत्तरे अनेकदा चुकीचीच असतात.

या परीक्षेत मला खरी उणीव जाणवते ती प्रात्यक्षिकाची. एकही आज्ञा स्वतः न चालवता केवळ वाचनाच्या बळावर ती उत्तीर्ण होणे अशक्य नाही. एडब्ल्यूएसच्याच सिसऑप्स (प्रणाली चालवणाऱ्यांसाठीच्या) परीक्षेत काही काळ प्रात्यक्षिक होते, तेही २०२३ मध्ये काढून टाकण्यात आले. म्हणून हे प्रमाणपत्र निवड करण्याच्या समजेचे माप म्हणून मला मान्य आहे. हाताच्या कौशल्याचे माप म्हणून नाही.

आता घरून परीक्षा देण्याविषयी. परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यू या कंपनीच्या ऑनलाइन पद्धतीत अर्धा तास आधी हजेरीची नोंदणी सुरू होते. स्वतःचे आणि ओळखपत्राचे छायाचित्र, मग खोलीच्या चारही बाजूंची छायाचित्रे पाठवायची. टेबल मोकळे हवे, मॉनिटर एकच हवा आणि त्यानंतर फोन हाताच्या टप्प्यात नको. कागद-पेन चालत नाही. पडद्यावरचा फळा मिळतो, पण माउसने नेटवर्कची आकृती काढणे म्हणजे बोटाने वाळूत नकाशा काढण्यासारखे आहे. पर्याय पुटपुटत वाचण्याची सवय असलेल्यांना हे नियम विशेष जाचक ठरतात, कारण ओठ हलणे, तोंडावर हात जाणे किंवा चेहरा कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर जाणे यावरूनही ताकीद मिळू शकते. खोलीत कोणी आले तर परीक्षा तिथेच थांबवली जाऊ शकते. कंपनीचा लॅपटॉप तर टाळावाच: व्हीपीएन, फायरवॉल आणि बंद न होणारी देखरेखीची सॉफ्टवेअरे ऐन वेळी आडवी येतात. ‘सिस्टिम टेस्ट’ आदल्या दिवशी, त्याच यंत्रावर आणि त्याच जोडणीवर करून घ्यावी.

दीड तासाच्या फाउंडेशनल, म्हणजे प्राथमिक पातळीच्या परीक्षेला हे सगळे सहन करता येते. तीन-साडेतीन तासांच्या प्रोफेशनल परीक्षेला, परीक्षा केंद्र प्रवासाच्या टप्प्यात असेल तर, मी केंद्राचीच शिफारस करीन. तिथले यंत्र बंद पडले तर धावपळ केंद्राने करायची, आणि शेजारच्या खोलीतील आवाजाची जबाबदारीही उमेदवारावर येत नाही. घरच्या पद्धतीचा खरा लाभ वेळांच्या विपुलतेत आहे. रात्रीअपरात्रीही जागा मिळतात. वेळ बदलायची झाल्यास ते २४ तास आधीपर्यंत करावे लागते.

निकाल पाच कामकाजी दिवसांत खात्यात जमा होतो. नापास झाल्यास १४ दिवस थांबून पूर्ण शुल्क पुन्हा भरावे लागते. उत्तीर्ण झाल्यास पुढच्या कोणत्याही एका परीक्षेवर ५० टक्के सूट मिळते. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे आहे. प्रोफेशनलसाठी असोसिएटची पूर्वअट आता राहिलेली नाही, आणि प्रोफेशनल उत्तीर्ण होताच चालू असोसिएट आर्किटेक्ट प्रमाणपत्राचेही नूतनीकरण होते. तेव्हा ज्यांच्या असोसिएटची मुदत संपत आली आहे, त्यांनी तीच परीक्षा पुन्हा देण्यापूर्वी दोन्हींच्या शुल्कातील १५० डॉलरांच्या फरकाचा हिशेब एकदा मांडून पाहावा.